सोसायटीच्या पाण्याच्या मीटरचा आकडा अचानक वाढला, तर तपास कोठून सुरू करावा?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. मुलुंडमधील आपल्या सोसायटीत दोन विंग मिळून ४८ सदनिका आहेत आणि सुमारे १९२ माणसे राहतात. महापालिकेचे पाणी मीटरमधून जमिनीखालच्या सक्शन टाकीत येते, तेथून पंपाने गच्चीवरच्या टाक्यांत चढवले जाते, आणि फ्लशसाठी बोअरवेलची वेगळी लाइन आहे. आजवर रोजचा वापर सरासरी २० घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर असे. गेल्या दोन बिलांत तो ३४ घनमीटर निघाला आहे. उघड गळती कोठेही दिसत नाही, त्यामुळे मीटरच पळतो आहे असे समितीतील बहुतेकांचे मत झाले असून, तो बदलून मिळावा असा अर्ज करावा का, असे आपण विचारले आहे.

अर्ज करण्यापूर्वी आठवडाभर नोंदी ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. मीटर सदोष असूच शकत नाही असे मी म्हणत नाही. पण सोसायट्यांत सामान्यतः असणाऱ्या यांत्रिक मीटरची रचना पाहिली, तर त्याचा दोष बहुधा उलट दिशेचा असतो. पाण्याच्या वेगाने आत एक छोटे चक्र फिरते आणि त्याचे फेरे दंतचक्रांमार्फत आकड्यांत उतरतात. धुऱ्याची झीज झाली, क्षार साठले, गाळ अडकला, की चक्र जड होते आणि मीटर कमी मोजू लागतो. त्यामुळे जुना मीटर बदलून नवा बसवल्यावर आकडा एकाएकी वाढला, तर पुष्कळदा नवा मीटर खरे सांगत असतो आणि जुना बरीच वर्षे कमी सांगत आलेला असतो. तेव्हा आपला मीटर गेल्या काही महिन्यांत बदलला गेला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. घरगुती मीटरसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ७७९ मध्ये, नेहमीच्या प्रवाहाला दोन टक्के आणि अगदी मंद प्रवाहाला पाच टक्के इतकीच कमी-जास्त चूक नव्या मीटरला मान्य आहे. आपल्या आकड्यातली वाढ सत्तर टक्क्यांची आहे. एवढी वाढ एकट्या मीटरच्या दोषाने होणे दुर्मीळ असते.

त्यानंतर बिल नीट वाचावे. मागील वाचन, चालू वाचन आणि त्या दोन वाचनांच्या तारखा एवढेच पाहायचे आहे. दोन वाचनांमधील फरकाला दिवसांच्या संख्येने भागून रोजचा वापर काढावा आणि मागच्या वर्षभराच्या प्रत्येक बिलाचा असाच हिशेब एका कागदावर मांडावा. मीटरपर्यंत पोहोचता आले नाही, काच धुरकट झाली किंवा मीटर अडकला, तर बिल सरासरीने काढले जाते, आणि नंतर प्रत्यक्ष वाचन झाले की मधल्या काळात कमी आकारलेला सगळा वापर एकाच बिलात येऊन बसतो. अशा वेळी वाढ दिसते ती कागदावरची असते. बिलातला आकडा प्रत्यक्ष मीटरशी जुळतो का हेही पाहावे. मीटरवरचे काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात, तर लाल आकडे आणि लाल काटे घनमीटरचे दशांश, शतांश दाखवतात. लाल आकडा काळ्यात धरला तर वापर दसपट होतो. आपली वाढ पावणेदोन पटीच्या आत आहे आणि लागोपाठच्या दोन बिलांत ती सारखी आहे, म्हणून वाचनातली चूक येथे मला संभवत नाही. तरीही चेंबरचे झाकण उघडून, काच पुसून, मीटर क्रमांकासह आकड्याचे छायाचित्र आजच घ्यावे, कारण पुढचा सगळा तपास त्या आकड्यापासून मोजला जाणार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मीटरच्या तक्रारीवर सर्वत्र एक ठरावीक सल्ला मिळतो: घरातले सगळे नळ बंद करा, आणि तरीही मीटर फिरत असेल तर गळती आहे असे समजा. जेथे चोवीस तास दाबाने पाणी येते आणि नळ थेट त्या लाइनवर असतात, तेथे हा सल्ला चोख आहे. मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत तो लागू पडत नाही. आपला मीटर सक्शन टाकीच्या आधी बसलेला असतो आणि पाणी चावीवाल्याने सोडल्यापासून बंद करेपर्यंतचे काही तासच येते. रात्री दोन वाजता सहाव्या मजल्यावरचा फ्लश धो-धो वाहत असला तरी त्या क्षणी मीटर ढिम्म असतो; त्या गळतीची भरपाई तो पहाटे पाणी आल्यावर करतो. उलट, पाणी चालू असताना टाकी भरत असते, म्हणून सगळे नळ बंद असले तरी मीटर फिरणारच. म्हणून केवळ मीटरकडे पाहून मुंबईत गळती सापडत नाही. पाण्याची वाट तीन टप्प्यांत तोडावी लागते: मीटर ते सक्शन टाकी, सक्शन टाकी ते गच्ची, आणि गच्ची ते सदनिका. प्रत्येक टप्प्यात किती पाणी शिरले आणि किती बाहेर पडले हे स्वतंत्रपणे मोजायचे असते. पाणी कोठे जाते याचा शोध भिंती फोडून घेण्यापेक्षा ते केव्हा जाते हे आधी ठरवले, तर जागा बहुधा आपोआप कळते.

सुरुवातीची विभागणी करायला एक साक्षीदार आपल्याकडे आधीच आहे, तो म्हणजे पंप. समजा, आपला पंप तासाला १० घनमीटर पाणी चढवतो. २० घनमीटरसाठी तो रोज दोन तास चालत असे. जादा १४ घनमीटर पाणी खरोखर गच्चीवर जात असेल, तर तो आता रोज जवळजवळ तीन तास चोवीस मिनिटे चालला पाहिजे. वॉचमनच्या वहीत पंप चालू-बंद केल्याच्या वेळा असतील, तर त्या काढाव्यात. पंपाला वेगळा वीजमीटर असेल, तर त्याची युनिटे पाहावीत. पंपाचे तास पाण्याच्या प्रमाणात वाढले असतील, तर पाणी पंपाच्या पुढे कोठेतरी जाते आहे. तास पूर्वीइतकेच असतील, तर ते पंपापर्यंत पोहोचतच नाही, आणि मग सदनिकांतले नळ तपासत फिरण्यात अर्थ नाही. पंपाची वीज वाढली पण मीटरवरचे पाणी वाढले नाही असेही कधी आढळते. तेव्हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, नीट बसत नसल्याने वर चढलेले पाणी त्याच पाइपाने सक्शन टाकीत परत येत असते. त्यात पाण्याचे बिल वाढत नाही, म्हणून आपल्या प्रश्नापुरते ते बाजूला ठेवू.

पहिल्या टप्प्याची चाचणी अशी करावी. सक्शन टाकीची आतली लांबी-रुंदी मोजावी. ती ६ मीटर आणि ४ मीटर असेल, तर पातळी १ सेंटिमीटर चढली म्हणजे २४० लिटर पाणी आले. टाकीत खांब किंवा आडभिंत असेल, अथवा अग्निशमनाच्या पाण्याचा कप्पा वेगळा काढलेला असेल, तर तेवढे क्षेत्रफळ वजा करावे. पहाटे पाणी पूर्ण दाबाने सुरू झाल्यावर पंप बंद ठेवावा, मीटरचा आकडा आणि टाकीतली पातळी एकाच वेळी टिपावी, आणि चाळीस मिनिटांनी दोन्ही पुन्हा टिपावे. पातळी मोजायला सरळ लाकडी पट्टी किंवा बांबूची काठी खडूने कोरडी घासून बुडवली, की ओली रेषा स्वच्छ दिसते. समजा, मीटरवरून ५.६० घनमीटर गेले आणि टाकी २३ सेंटिमीटर चढली, म्हणजे ५,५२० लिटर आले, तर ८० लिटरांचा फरक हा आपल्या काठीच्या मापातलाच आहे आणि मीटर निर्दोष समजावा. मात्र टाकी १८ सेंटिमीटरच चढली, तर ४,३२० लिटर आले आणि १,२८० लिटरांचा हिशेब लागत नाही. ही चाचणी तीन वेगवेगळ्या दिवशी केली आणि निकाल सारखा आला, तर ती महापालिकेच्या अभियंत्यापुढे ठेवण्याइतकी भक्कम असते.

हिशेब न लागणारे पाणी म्हणजे मीटरचा दोष, असे लगेच धरू नये. मीटर आणि टाकी यांच्या मधल्या पाइपाला कोठे टी (फाटा काढणारा जोड) मारून बागेचा नळ, वॉचमनच्या खोलीचे शौचालय, गाड्या धुण्याची जागा किंवा तळमजल्यावरचे दुकान जोडलेले आहे का, हे त्या पाइपाच्या वाटेने चालत जाऊन पाहावे. जुन्या इमारतींत अशी जोडणी कोणी आणि कधी केली हे कोणालाच आठवत नाही. पाइप फरशीखालून गेला असेल, तर पाणी येण्याच्या वेळी तेथल्या पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून ओल वर येते का आणि बाजूच्या पर्जन्यजल वाहिनीत कोरड्या ऋतूतही स्वच्छ पाण्याची धार दिसते का, याकडे लक्ष द्यावे. मीटरच्या अलीकडे, म्हणजे रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंत, गळती असेल, तर तिची दुरुस्ती जरूर करावी, कारण तेथून सांडपाणी आत शिरू शकते. पण आपल्या आकड्याशी तिचा संबंध नाही.

हवेचा प्रश्न येथेच येतो, कारण सभासद तो हमखास काढतात. पाणी बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होते आणि पुन्हा पाणी सुटले की ते पुढची हवा ढकलत येते. ही हवा मीटरमधून जाताना चक्र वेगाने फिरते आणि हवाही पाणी म्हणून मोजली जाते. हे खरे आहे. परंतु त्याचे प्रमाण तपासता येते. पाणी येण्याच्या वेळेच्या पाच मिनिटे आधी चेंबरजवळ उभे राहून, टाकीच्या तोंडाशी फुसफुस थांबून अखंड धार सुरू होईपर्यंत मीटर किती पुढे गेला, ते टिपावे. तो आकडा काही लिटरांचा असेल, तर चर्चा तेथेच संपते. तो रोज शंभराच्या घरात जात असेल, तर मीटरच्या आधी हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवण्याविषयी परवानाधारक प्लंबरमार्फत विभाग कार्यालयाकडे विचारणा करावी. रोजचे १४,००० लिटर मात्र हवेने भरून निघत नाहीत. लाइनला थेट पंप लावून पाणी खेचणाऱ्या इमारतींत हवेचा भाग वाढतो. पण तसा पंप लावणे नियमबाह्य आहेच, शिवाय निर्वात पोकळीमुळे फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाणही आत ओढली जाते.

पहिल्या टप्प्यातील खरा आणि वारंवार सापडणारा गुन्हेगार बॉल कॉक आहे, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने (फ्लोटने) आपोआप मिटणारी झडप. पाणी मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे येते, त्या वेळी टाकीजवळ कोणी नसते, टाकी भरते, बॉल कॉक पूर्ण मिटत नाही, आणि उरलेले पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटाराच्या चेंबरमध्ये जाते. सकाळी टाकी काठोकाठ भरलेली दिसते आणि सगळे समाधानी असतात. आपले १४,००० लिटर जर पाणी येण्याच्या तीन तासांतच जात असतील, तर तो प्रवाह मिनिटाला ७८ लिटरांचा होतो; एवढी धार दिवसा कोणाच्याही नजरेतून सुटली नसती, पण बंद चेंबरमध्ये पहाटे चार वाजता ती कोणाला दिसणार? रात्री झोपण्यापूर्वी ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडावर प्लास्टिकची कोरडी पिशवी सैलसर बांधावी. सकाळी ती ओली, फुगलेली किंवा निसटून चेंबरमध्ये पडलेली असेल, तर उत्तर मिळाले. त्यानंतर फ्लोटचा गोळा काढून कानाशी हलवावा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर गोळ्याला भोक पडले आहे, तो पुरेसा तरंगत नाही आणि झडप उघडीच राहते. गोळा कोरडा असेल, तर वॉशर पाहावा. त्यावर बसण्याच्या जागेची खोल गोल खूण उमटलेली असेल किंवा रबर कडेने चिरलेले असेल, तर तो बदलावा. बॉल कॉकची दांडी गंजून एका स्थितीत अडकणे हा तिसरा प्रकार आहे. या तिन्ही दुरुस्त्यांना लागणारा खर्च आपल्या एका महिन्याच्या वाढीव बिलापुढे किरकोळ असतो.

आणखी एक गोष्ट येथेच पाहून घ्यावी. मीटरकडून येणाऱ्या पाइपाचे तोंड टाकी पूर्ण भरल्यावरही पाण्याच्या पातळीच्या वर मोकळे राहिले पाहिजे. ते पाण्यात बुडत असेल, तर पुरवठा बंद झाल्यावर टाकीतले पाणी उलट खेचले जाऊन मीटर मागे फिरू शकतो आणि नंतर तेच पाणी पुन्हा मोजले जाते. शिवाय टाकीतले पाणी सार्वजनिक वाहिनीत जाणे हे शेजारच्या इमारतींच्या आरोग्याला घातक आहे.

सक्शन टाकीलाच तडा असेल, तर तो पाणी येण्याच्या वेळेबाहेर मोजावा. टाकी भरल्यावर पंप बंद, मीटरनंतरचा व्हॉल्व्ह बंद, आणि चार तासांनी काठी पुन्हा बुडवावी. आपल्या मापाच्या टाकीत दोन सेंटिमीटरची घट म्हणजे ४८० लिटर. पावसाळ्यात ही चाचणी फसवते, कारण भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते आणि तड्यातून पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ शकते. भराव घालून वसलेल्या आणि खाडीलगतच्या भागांत भूजल बाराही महिने वर असते. पातळी घटण्याऐवजी वाढताना आढळली, तर बिलाचा विचार क्षणभर सोडून द्यावा, ते पाणी पिण्यासाठी वापरणे थांबवावे, क्लोरीनची तपासणी करून घ्यावी आणि टाकी रिकामी करून आतून जलरोधन करावे.

दुसऱ्या टप्प्यात पाहायचे थोडे आहे. पंपापासून गच्चीपर्यंतचा चढता पाइप डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, जातो. पंप चालू असताना डक्टमध्ये बॅटरी मारून प्रत्येक मजल्यावर वर-खाली पाहिले, की सांध्यातली फवार दिसते. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो मात्र बारकाईने तपासावा. पंप हाताने बंद केला जात असेल, तर वॉचमन दुसऱ्या कामात गुंतल्यावर टाकी भरून वाहते आणि ते पाणी पावसाच्या पाइपातून खाली जाते. स्वयंचलित यंत्रणा असेल, तर तिचा वरच्या पातळीचा सेन्सर क्षार साठून निकामी होतो. येथेही पिशवीची युक्ती चालते. दोन विंगच्या टाक्या जोडलेल्या असतील आणि त्यांच्या उंचीत थोडा फरक असेल, तर एक भरेपर्यंत दुसरी वाहू लागते. पंप तेथे कोणीही हलगर्जीपणा न करता रोज पाणी सांडत असतो.

आपल्या प्रश्नात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट बोअरवेलची आहे. इमारतींच्या पाणीपुरवठ्याचा आराखडा करताना माणशी रोजचे १३५ लिटर धरण्याची जुनी रीत आहे आणि त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी असतात. आपल्याकडे १९२ माणसे आहेत, म्हणजे फ्लशला रोज ८,६४० लिटर लागतात. बोअरवेलचा पंप जळला, उन्हाळ्यात तिची पातळी खाली गेली किंवा पाणी गढूळ आले, की फ्लशच्या टाकीला महापालिकेच्या पाण्याचा बायपास, म्हणजे पर्यायी जोड, उघडतात. त्या दिवसाची अडचण भागते, पंप दुरुस्त होतो, आणि तो व्हॉल्व्ह बंद करायचा राहून जातो. गेट व्हॉल्व्हच्या चाकाकडे पाहून तो उघडा आहे की मिटलेला हे सांगताही येत नाही. आपल्या वाढीतले साठ टक्के एवढ्या एका व्हॉल्व्हने समजावून सांगता येतात. म्हणून आपल्या जागी मी असतो, तर मीटरचे चेंबर उघडण्याआधी गच्चीवर जाऊन तो व्हॉल्व्ह पाहिला असता, आणि बोअरवेलचा पंप गेल्या चार महिन्यांत कधी बंद होता का, हे इलेक्ट्रिशियनच्या बिलांवरून तपासले असते. अग्निशमनाच्या टाकीलाही असाच जोड असतो. तिच्या लाइनला गळती असेल, तर ती टाकी रोज थोडी रिकामी होते आणि रोज गुपचूप भरली जाते.

बायपास कारणीभूत ठरला तरी सुमारे ५,४०० लिटर उरतात. ते तिसऱ्या टप्प्यात शोधावे लागतील, आणि त्यासाठी रात्री एक ते चार ही वेळ उत्तम, कारण तेव्हा खरा वापर जवळजवळ शून्य असतो. एका विंगच्या गच्चीवरच्या टाकीचे आतले माप ४ गुणिले ३ मीटर असेल, तर सेंटिमीटरला १२० लिटर होतात. पंप बंद ठेवून एक वाजता आणि चार वाजता पातळी मोजावी. तीन तासांत ६ सेंटिमीटर घट झाली, तर ७२० लिटर गेले. चोवीस सदनिकांत रात्री दहा जणांनी याच पाण्याने फ्लश केला असे धरले, तरी त्याचे शंभर लिटर होतात. उरलेले पाणी कोणी वापरत नाही, ते वाहते आहे, आणि त्याच गतीने दिवसभरात पाच हजार लिटर वाहतात. दुसऱ्या रात्री सगळे डाऊनटेक, म्हणजे टाकीतून सदनिकांकडे उतरणारे पाइप, त्यांच्या व्हॉल्व्हने बंद करून तेच माप घ्यावे. तरीही पातळी घटली, तर टाकीच गळते. घट थांबली, तर पुढच्या रात्री तासातासाने एकेक डाऊनटेक उघडून कोणत्या उभ्या लाइनवर पाणी जाते ते ठरवावे. एका डाऊनटेकवर साधारणपणे एकावर एक असलेल्या सदनिकांचे एकच बाजूचे नळ असतात. त्यामुळे अठ्ठेचाळीस दारे वाजवण्याऐवजी सहा-सात दारे वाजवावी लागतात. व्हॉल्व्ह जुने असतील, तर ते पूर्ण मिटतात याची खात्री आधी करावी, नाहीतर सगळी रात्र वाया जाते.

त्या सहा-सात सदनिकांत, फ्लशला महापालिकेचे पाणी जात असेल तर, पहिला मान फ्लशच्या टाकीला द्यावा. टपकणारा नळ कानाला आणि डोळ्याला त्रास देतो म्हणून लवकर दुरुस्त होतो, आणि त्याचा तोटाही तुलनेने लहान असतो. नळाखाली पेला ठेवून दहा मिनिटांत १०० मिलिलिटर जमले, तर दिवसाला जवळजवळ साडेचौदा लिटर होतात. फ्लशच्या आतला रबरी वॉशर मात्र न बोलता गळतो. भांड्याच्या मागच्या बाजूने पाण्याचा पातळ पदर सरकत राहतो. तो मिनिटाला २०० मिलिलिटर असला, तर दिवसाला २८८ लिटर जातात. टाकीत कपड्यांची नीळ थोडी घालून अर्धा तास फ्लश न करता थांबावे, आणि भांड्यातले पाणी निळसर झाले, तर वॉशर बदलावा. भिंतीत बसवलेल्या फ्लशमध्ये नीळ घालायला वरची पट्टी काढावी लागते. ते जमत नसेल, तर भांड्याची मागची कड कोरडी पुसून तेथे टिश्यू पेपर चिकटवावा आणि तो कोठून भिजतो ते पाहावे.

बंद सदनिकांकडे विशेष लक्ष द्यावे. घरमालक परगावी, मुख्य कॉक उघडा, आणि आत फ्लश किंवा जेट स्प्रेचा पाइप गळत असतो, असे प्रकार महिनोन्महिने चालतात. अशा सदनिकेचा कॉक डक्टमधून बंद करता येत असेल, तर मालकाला कळवून तो बंद करावा. आरओ शुद्धीकरण यंत्राची टाकी भरल्यावरही वाया जाणाऱ्या पाण्याची नळी वाहत राहते का, हेही पाहावे. सभासदांशी बोलताना चौकशीचा सूर येऊ देऊ नये. कोणाकडे किती माणसे राहतात, यावरून सोसायट्यांत वर्षानुवर्षांचे अबोले धरले जातात, आणि एकदा मने दुखावली की लोक प्लंबरला दार उघडत नाहीत. डाऊनटेकच्या मापाचा कागद दाखवून ‘या लाइनवर रात्री पाणी जाते आहे, सगळ्यांचेच फ्लश पाहतो आहोत’ असे सांगितले, तर सहकार्य मिळते.

खरा वापर वाढलेला असू शकतो, हेही लक्षात असावे. सदनिकेचे नूतनीकरण, गच्चीच्या जलरोधनानंतर पाणी साठवून केलेली चाचणी, बाहेरून रंगकाम, भाड्याने दिलेल्या खोल्या, तळमजल्यावर नव्याने सुरू झालेले खाद्यपदार्थांचे दुकान, यांच्या तारखा वाढीच्या तारखांशी जुळतात का ते पाहावे. कपातीच्या दिवसांनंतर पुरवठा पूर्ववत झाला, की दाब आणि वेळ दोन्ही वाढतात आणि आधीपासून बिघडलेल्या बॉल कॉकचा दोष एकाएकी दिसू लागतो. बॉल कॉक त्या महिन्यात बिघडलेला नसतो.

हा खटाटोप लवकर करण्याला पैशाचेही कारण आहे. आपला वापर माणशी १०४ लिटरवरून १७७ लिटरवर गेला आहे. मुंबईत माणशी रोज १५० लिटरपलीकडच्या घरगुती वापराला चढता दर लागतो, आणि मलनिःसारण आकार पाण्याच्या आकाराच्या प्रमाणात बसतो. त्यामुळे गटारात गेलेल्या स्वच्छ पाण्यावरही आपण मलनिःसारणाचे पैसे भरता, आणि बिल वापराच्या प्रमाणापेक्षा अधिक वाढते. मला मात्र पैशाहून दुसरी गोष्ट अधिक लागते. हे पाणी भातसा, वैतरणा, तानसा येथून शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून येते, आणि ती धरणे ज्या भागात आहेत त्या शहापूर तालुक्यातली गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. ते पाणी बॉल कॉकच्या एका वॉशरपायी गटारात जाऊ देणे मला सहन होत नाही.

टाकीच्या चाचणीत मीटरच जास्त मोजतो असे तीन वेळा दिसले, तर मग अर्ज अवश्य करावा. तो विभाग कार्यालयातील सहायक अभियंता (जलकामे) यांच्या नावे, जोडणी क्रमांक आणि मीटर क्रमांक घालून द्यावा, पोच घ्यावी, आणि सोबत मीटरच्या रोजच्या वाचनांचा तक्ता, टाकीची मापे आणि तारीख दिसणारी छायाचित्रे जोडावीत. मीटरचे सील स्वतः किंवा खाजगी प्लंबरकडून तोडू नये. तसे केल्यास चौकशी आपल्यावरच उलटते. तक्रार प्रलंबित असताना बिल थकवू नये, कारण थकबाकीवर जादा आकार चढत राहतो. हरकत लेखी नोंदवून रक्कम भरावी आणि समायोजनाची मागणी करावी. गळती आपल्याच हद्दीत सापडली, तर दुरुस्तीनंतर किमान पंधरा दिवस पाणी येण्यापूर्वी आणि गेल्यावर मीटरची नोंद चालू ठेवावी, आणि रोजचा आकडा २० घनमीटरच्या आसपास स्थिरावला नाही, तर रात्रीची टाकीची मापे पुन्हा घ्यावीत.